माहेरची पालखी

(आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस ‘हिंदू पुराणांतील शक्तिदेवता आणि त्यांचा प्रतीकार्थ’ असा विषय नेमून दिला आहे. विषय थोर आहे, पण घटकाभरात उरकणारा नव्हे. देवींची नावे, वाहने आणि आयुधे यांची नुसती यादी वाचू लागलो तरी आपल्या भोजनाची वेळ टळून जाईल, आणि यादी ऐकून कोणाच्या पदरी काही पडत नाही. म्हणून आम्ही एकच देवी घेतो. ती तुळजापूरची भवानी होय. तिला महाराष्ट्र कुलस्वामिनी म्हणतो, छत्रपतींचे घराणे आराध्यदैवत मानते. आणि नगर शहरालगतच्या बुऱ्हाणनगरात ती तेल्याची लेक म्हणून ओळखली जाते. या तीन नात्यांपैकी तिसऱ्या नात्याचा अर्थ काय, एवढेच आम्हांस आज पाहावयाचे आहे.

प्रथम पुराणाकडे वळू. देवीमाहात्म्य, ज्याला आपण सप्तशती म्हणतो, ते मार्कंडेय पुराणाचे तेरा अध्याय होत. त्याच्या दुसऱ्या अध्यायात महिषासुराने देवांचा पराभव करून स्वर्ग बळकावल्याची कथा आहे. हरलेले देव ब्रह्मदेवाला पुढे करून शिव आणि विष्णू यांजकडे जातात. त्यांचा वृत्तान्त ऐकून सर्वांच्या मुखांतून क्रोधाचे तेज बाहेर पडते, ते एके ठिकाणी जमते, आणि त्या जमलेल्या तेजातून एक स्त्री उभी राहते. शिवाच्या तेजाने तिचे मुख झाले, यमाच्या तेजाने केस, विष्णूच्या तेजाने बाहू. मग प्रत्येकाने आपापल्या जवळचे काही दिले. शंकराने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, वरुणाने शंख आणि पाश, अग्नीने शक्ती, वायूने धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते, इंद्राने वज्र आणि ऐरावताच्या गळ्यातील घंटा, ब्रह्मदेवाने कमंडलू. विश्वकर्म्याने परशू दिला. हिमालयाने सिंह दिला. सूर्याने आपले किरण तिच्या रोमारोमांत भरले.

ही यादी आम्ही मुद्दाम थोडी लांबविली, कारण कथेचे मर्म या यादीतच आहे. महिषासुराला मारण्याइतके बळ कोणा एका देवाच्या अंगी नव्हते. ज्याचा त्याचा वाटा एकत्र आला, तेव्हा शक्ती उत्पन्न झाली. आणि देणारांमध्ये विष्णू आहे तसा विश्वकर्माही आहे, म्हणजे हातांनी काम करणारांचा देवही आहे. त्याचा परशू लहान म्हणून कोणी परत केला नाही.

पण कथा येथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्याकडील प्रवचनांतून फारसा ऐकू येत नाही. दहाव्या अध्यायात शुंभ तिला हिणवितो की, दुसऱ्यांच्या बळावर लढतेस आणि गर्व कसला करतेस? त्यावर ती सांगते की या जगात मी एकटीच आहे, या साऱ्या माझ्याच विभूती आहेत. आणि भोवतालच्या सर्व शक्ती तिच्या देहात विलीन होतात. म्हणजे देवांनी वाटा दिला हे खरे, पण दिल्यानंतर तो वाटा त्यांचा राहिला नाही. इंद्राने उद्या येऊन ‘हे माझे वज्र’ असे म्हणावयाची सोय उरली नाही. वर्गणी देऊन पावतीवर आणि फलकावर नाव शोधणारे आपण लोक आहोत. आपणांस हा दहावा अध्याय अधूनमधून वाचण्यासारखा आहे.

आता तुळजापूर. धाराशिव जिल्ह्यातील या क्षेत्राची कथा स्कंदपुराणाच्या सह्याद्रिखंडाशी जोडली जाते. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती पतीच्या निधनानंतर लहान मुलासह तप करीत असता कुकुर नावाच्या दैत्याने तिला गाठले. तिने हाक मारली, देवी त्वरेने धावून आली. त्वरेने आली म्हणून त्वरिता, त्वरिताची तुरजा आणि तुरजेची तुळजा, अशी नावाची परंपरागत उपपत्ती आहे. भाषाशास्त्रज्ञांचे यावर काय म्हणणे असेल ते असो. भक्तांनी नाव लक्षात ठेवले ते मात्र फार अर्थपूर्ण कारणासाठी. देवी येथे राजाच्या यज्ञाने आली नाही. पाठीशी कोणी नसलेल्या एका विधवेच्या हाकेला ती आली, आणि उशीर केला नाही एवढ्यावरून तिचे नाव पडले. तुळजापूरची मूर्ती काळ्या पाषाणाची, अष्टभुजा, महिषासुरमर्दिनीच्या रूपातील आहे. तिचे एक वैशिष्ट्य असे की ती चल मूर्ती आहे. सिंहासनावरून ती उचलून नेता येते, आणि वर्षातून काही वेळा नेलीही जाते. नेण्यासाठी वाहन लागते, विसाव्यासाठी शय्या लागते. येथे आपल्या जिल्ह्याचा आणि आपल्या ज्ञातीचा संबंध येतो.

आख्यायिका आपणांपैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. बुऱ्हाणनगरात जनकोजी नावाचा तेली राहत होता. त्याच्या दारी एक लहान मुलगी आली. कोणाची, कोठली, काही ठाऊक नाही. त्याने तिला लेकीसारखी वाढविली. तिच्या पायगुणाने घाणा चालला, घर भरले. पुढे एके दिवशी ती नाहीशी झाली. जनकोजी तिच्या शोधात रानोमाळ हिंडला आणि अखेरीस तुळजापुरी पोहोचला, तेव्हा त्याला कळले की आपण वाढविले ते लेकरू कोण होते. देवीने त्याला सांगितले की दरवर्षी मला पालखी आण. तपशील घरोघर थोडे निराळे आहेत, पण गाभा हाच.

तेव्हापासून, असे परंपरा मानते, दरवर्षी नवी पालखी नगर जिल्ह्यातून तुळजापुरास जाते. जुनी चालत नाही, दुरुस्त केलेली चालत नाही. पालखीचे काम राहुरीस होते, ती गावोगाव दर्शन देत बुऱ्हाणनगरास येते आणि तेथून तुळजापूरची वाट धरते. देवीचा पलंग पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव येथे तयार होतो आणि जुन्नरवरून नगरास येतो. विजयादशमीच्या पहाटे मूर्ती साड्यांच्या घड्यांत जपून गुंडाळून या पालखीत ठेवतात आणि कुंकवाच्या उधळणीत सीमोल्लंघन होते. त्यानंतर ती पलंगावर निजते.

या साऱ्याला लोक माहेरची पालखी आणि माहेरचा पलंग म्हणतात. शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. राजे-सरदारांनी देवीला दागिने दिले, उत्पन्ने लावून दिली, पण त्यांपैकी कोणाच्या देणगीला ‘माहेरची’ हे विशेषण लागले नाही. सणाला लेकीला आणावयास मुराळी जावा, तशी ही पालखी जाते. ती वाहून नेणारा मानकरी असेल, पण त्याआधी तो बापभाऊ आहे.

आता एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाचे दान घेऊ नये हे सांगताना तेलाच्या घाण्यावर उपजीविका करणाराचे नाव आहे, आणि एक घाणा दहा खाटीकखान्यांच्या बरोबरीचा मोजला आहे. तीळ चिरडतात म्हणून की काय, कोण जाणे; ज्यांच्या घरी रोज समया तेवत होत्या त्यांनीच हे लिहिले. सकाळी तेली आडवा आला तर अपशकुन, ही समजूतही आपल्या वाडवडिलांनी सोसली. ज्या समाजाचे दान घेण्यास शास्त्राने मनाई केली, त्याच समाजाच्या हातची पालखी आदिशक्तीने मागून घेतली, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले. ही आख्यायिका इतिहास आहे की नाही, हा वाद आम्ही घालीत नाही. ती उत्तर आहे. ज्यांना पोथी लिहिता येत नव्हती त्यांनी पोथीला दिलेले उत्तर आहे, आणि त्यात रागाचा एक शब्दही नाही.

हे उत्तर देणारे आपणच एकटे नव्हतो. याच जिल्ह्यातील नेवाशाची म्हाळसा ही लोककथेप्रमाणे वाण्याची कन्या. ती खंडोबाची थोरली राणी झाली. धाकटी बाणाई धनगराची. नेवाशातच मोहिनीराजाचे मंदिर आहे आणि म्हाळसेला मोहिनीचा अवतार मानतात. समुद्रमंथनातील अमृत याच ठिकाणी वाटले गेले अशी स्थानिक समजूत आहे, आणि पंक्तीत चोरून बसलेल्या राहूचे मस्तक उडाले ते राहुरीस पडले असे राहुरी नावाचे स्पष्टीकरण देतात. जाता जाता आमचे एक मत नोंदवितो: मंथनात दोर दोघांनी ओढला आणि अमृत एकानेच प्याले, ही कथा आम्हांला कधी पुरती पटलेली नाही. सप्तशतीतील वाट्याचा हिशेब आम्हांला अधिक स्वच्छ वाटतो. योगायोग पाहा, ज्या गावाच्या नावात पंक्तीतून उठविलेल्याची आठवण आहे, त्याच गावात देवीची पालखी घडते.

पाथर्डी तालुक्यात मोहट्याची रेणुका, कर्जत तालुक्यात राशीनची यमाई, अकोले तालुक्यात टाहाकारीचे कोरीव मंदिर, नगराजवळ केडगावची रेणुका. आपला जिल्हा देवींनी असा भरलेला आहे. हा बहुतांशी अवर्षणाचा मुलूख, आणि सप्तशतीतील शाकंभरीची कथाही अवर्षणाचीच आहे. शंभर वर्षे पाऊस पडत नाही, तेव्हा देवी शंभर नेत्रांनी मुनींकडे पाहते आणि आपल्याच देहातून उगवलेल्या भाज्यांनी जगाला जगविते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आणि खडी फोडण्याच्या कामावरून येऊन पुन्हा चूल पेटविणाऱ्या बायांना या कथेचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. तुळजापुरास पौषात शाकंभरी नवरात्र होते.

आता निद्रेविषयी. आमच्या मते भवानीच्या उपासनेतील सर्वांत सुंदर कल्पना ही आहे, आणि तिच्याकडे लक्ष फार थोड्यांचे जाते. तुळजापूरची देवी वर्षातून तीनदा सिंहासन सोडून निजते. शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागिरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. सप्तशतीच्या पहिल्याच अध्यायात देवी स्वतः निद्रा आहे. विष्णू शेषावर झोपला आहे, मधु-कैटभ ब्रह्मदेवाला खावयास धावले आहेत, आणि ब्रह्मदेव विष्णूची नव्हे, त्याच्या डोळ्यांत वसलेल्या योगनिद्रेची स्तुती करतो. ती दूर होते तेव्हा कोठे विष्णू जागा होतो. देवालाही जिच्या अनुज्ञेवाचून उठता येत नाही, ती ही शक्ती. तुळजापुरात तीच शक्ती दमते. नऊ दिवसांच्या युद्धानंतर तिला विसावा लागतो, आणि तो विसावा लोक तिला देतात. त्यासाठी पलंग करतात, दूरच्या गावाहून माणसे तो वाहून आणतात, पाच दिवस तिला उठवीत नाहीत.

माता-भगिनी समोर बसल्या आहेत म्हणून विचारतो. घटस्थापनेपासून नऊ दिवस उपास कोणी केला, अखंड दिव्यात तेल कोणी घातले, दसऱ्याच्या पुरणाला पाटावरवंट्यापाशी कोण होते? आणि एकादशीला तिच्यासाठी पलंग कोणी अंथरला? देवीला श्रमनिद्रा आहे हे आपण मानतो, पण घरच्या बाईला श्रम आहेत हेच मान्य करावयास आपणांस जड जाते.

याहून जड गोष्ट पुढे आहे. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८८४ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत त्या ८५२ राहिल्या. गर्भातील लिंग तपासण्यास बंदी करणारा कायदा १९९४ सालचा आहे, म्हणजे ही घट कायदा असताना झालेली आहे. हे आकडे आपल्या एकट्या ज्ञातीचे नाहीत, सर्व जिल्ह्याचे आहेत, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु सर्व जिल्हा आपली आख्यायिका सांगत नाही. ती आपण सांगतो. जनकोजीच्या दारी मुलगी आली, तेव्हा त्याने ती कोणाची हे विचारले नाही, पदरात घेतली. आपल्यापैकी ज्या घरांनी दारापर्यंत आलेली लेक उंबऱ्याबाहेरच थांबविली, त्यांनी नवरात्रात माहेरच्या पालखीला खांदा कोणत्या नात्याने द्यावा, हे आम्हांस समजत नाही. कठोर बोललो असे वाटत असेल, तर त्या ८५२ आकड्याकडे पुन्हा एकदा पाहावे.

सप्तशतीच्या पाचव्या अध्यायात देव तिची स्तुती करतात. ती सर्व भूतांच्या ठायी बुद्धीच्या, निद्रेच्या, क्षुधेच्या, लज्जेच्या, दयेच्या रूपाने वसते, असे म्हणतात. त्या मालिकेत ‘जाति’ आणि ‘वृत्ति’ हे दोन शब्दही आहेत. ज्ञातिसंघाच्या सभेत बोलताना ‘जाति’ शब्दावर टाळी घेण्याचा मोह होईल, पण तेथे त्याचा अर्थ आपली ज्ञात असा नाही. प्राणिमात्राचा जन्मजात वर्ग, असा व्यापक आहे. ‘वृत्ति’ म्हणजे मात्र उपजीविका. देवी माणसाच्या धंद्यात वसते, असे पुराण म्हणते. आपला घाणा आता बहुतेक गावांतून गेला. गिरण्या आल्या, डबे आले, आपली मुले कचेऱ्यांत आणि कारखान्यांत गेली. ते योग्यच झाले. पण गोंधळ्याची दिवटी, भुत्याच्या हातचा पोत आणि गाभाऱ्यातील नंदादीप शतकानुशतके ज्या तेलावर जळले, ते आपल्या बैलांच्या फेऱ्यांतून निघाले, ही ओळख धंदा गेला म्हणून जात नाही.

त्या तेलाचीच आणखी एक गोष्ट सांगतो. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरास शनिदेवावर तेलाचा अभिषेक होतो. त्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता येत नव्हते. २०१६ च्या गुढीपाडव्यास ती आडकाठी दूर झाली. त्यावेळी आपल्या काही वडीलधाऱ्यांना ते रुचले नव्हते. आम्ही त्यांच्याशी तेव्हाही भांडलो नाही, आजही भांडत नाही. एवढेच म्हणतो की त्याच जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ साली धनगर पाटलाच्या घरी जन्मलेल्या अहिल्याबाईंनी पुढे १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे राज्य चालविले आणि देशभर देवालये, घाट बांधले. त्यांनी जीर्णोद्धार केलेल्या देवळांत पुरुष निःसंकोच दर्शन घेतात. २०२४ पासून आपला जिल्हा त्यांच्या नावाने अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. घरी येणाऱ्या प्रत्येक पत्रावर आता एका कन्येचे नाव असते.

सप्तशती ऐकणारे दोघे होते, हे सांगावयाचे राहिले. एक राज्य गमावलेला सुरथ राजा आणि दुसरा समाधी नावाचा वैश्य. धनाच्या लोभाने बायकोमुलांनीच त्याला घराबाहेर काढले होते, आणि तरी त्याचा जीव त्यांच्यातच गुंतलेला होता. वाटणीच्या दाव्यांनी ज्यांची घरे पोखरली आहेत असे काही श्रोते या सभेत असतील, त्यांना समाधी अनोळखी वाटू नये. देवी प्रसन्न झाली तेव्हा राजाने राज्य मागितले. वैश्याने मागितले ते मी-माझेपणा नाहीसा करणारे ज्ञान.

शेवटी चालकांस एक विनंती. जनकोजीची कथा घरोघर निराळी सांगतात, हे आम्ही वर म्हटले. ती मुख्यत्वे स्त्रियांच्या तोंडी आहे. राहुरी, नेवासे, पारनेर, पाथर्डी या भागांतील वृद्ध स्त्रिया ती जात्यावर कशी सांगत, मुलगी दारी आली तेव्हा जनकोजीची बायको काय म्हणाली, ती नाहीशी झाली तेव्हा घरात काय झाले, हे कोणी लिहून घेतलेले नाही. पुरुषांनी सांगितलेल्या कथेत त्या माउलीचे नावही ऐकू येत नाही. संघाने येत्या कार्तिकापासून प्रत्येक तालुक्यात दोन लिहित्या मुलींची नेमणूक करावी, त्यांनी आजीबाईंजवळ बसून जसे ऐकतील तसे उतरवून घ्यावे, सुधारू नये. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत जाहिरातींची दहा पाने कमी झाली तरी चालतील. ती पाने यासाठी राखून ठेवावीत. त्यांचा खर्च उचलण्याची आमची तयारी आहे, आणि त्या पानांवर आमचे नाव घालू नये.